वन्सं, तुमचे शनिवार

वन्सं, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले, आणि माझ्याशी धड भांडणारं कुणी उरलेलं नाही. तुमचा भाऊ भांडत नाही, तो पेपर उघडतो. माझी अशू भांडते, पण अर्धं इंग्रजीत, आणि तिचं म्हणणं माझ्या डोक्यात शिरेपर्यंत माझा राग ओसरून जातो. तुमच्याशी भांडणं म्हणजे भांडणं होतं. मी तावातावानं दहा वाक्यं बोलायची, तुम्ही चष्मा काढून पदरानं पुसायचात आणि एवढंच विचारायचात, "शैला, तुला नक्की दिसलं काय ते आधी सांग." लग्न होऊन नांदेडहून या घरात आले तेव्हापासून हे ऐकतेय. मेलं ते दिसणं, किती वेळा मनातल्या मनात मी तुमचा चष्मा फेकून दिला असेल.

लोक भेटायला येतात, म्हणतात, बाई किती शांत होत्या. मी मान हलवते. मनात म्हणते, तुम्हाला काय ठाऊक. कोठीच्या मराठी शाळेतले तुमचे जुने विद्यार्थी आले होते. त्यातला एक चांगला मिशीवाला बाप्या, ओक्साबोक्शी रडला. म्हणाला, "मी वर्गात सगळ्यांना बदडायचो. बाईंनी मला कधी 'का मारलंस' असं विचारलं नाही, 'तुला काय दिसलं' एवढंच विचारायच्या." मी त्याला चहा दिला आणि मला त्याचा हेवा वाटला, तो रडू शकला म्हणून. माझ्या घशात दहा वर्षांपासून एक गोष्ट अडकली आहे. मी तुम्हाला एकदा जे बोलले त्याची माफी मागायची राहून गेली. काय बोलले ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि तेव्हा आठ वर्षांच्या असलेल्या अशूला माहीत आहे. आज सगळं सांगणार आहे, आणि सुरुवातीपासून, नाहीतर तुम्हीच म्हणाल, मधूनच काय सुरू केलंस.

सुरुवात त्या बोरन्हाणाची. मलकपेठेत आमच्या खालच्या मजल्यावर घरमालकांच्या नातवाचं पहिलं बोरन्हाण होतं. बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून चौरंगावर बसवलं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या ओतल्या, आणि सगळी पोरं तुटून पडली. वर्षभर "ढकलू नको रे" म्हणून कोकलणाऱ्या बायाच त्या दिवशी "लुटा, लुटा" म्हणत असतात. त्या झुंबडीत माझ्या अशूनं घरमालकांच्या पुतणीचा, दीप्तीचा, दंड कडकडून चावला आणि तिला अशी खेचून पाडली की चौरंगाच्या कडेवर तिचा ओठ फुटला. रक्त आलं. बाळानं भोकाड पसरलं. शेजारच्या एक बाई दखनी हिंदीत म्हणाल्या, "कैसी पोट्टी है माँ, काट लेती." मी अशूला ओढून सगळ्यांसमोर दोन थोबाडीत दिल्या.

दिल्या, कारण मी घाबरले होते. तिच्या शाळेच्या डायरीत लाल शाईचे दोन शेरे आधीच पडले होते, दोन्ही मारामारीचे. तिसरा शेरा आला तर मुलीला घेऊन जा, असं शाळेच्या मोठ्या बाईंनी मला तोंडावर सांगितलं होतं. आणि शाळा कुठली, तर इंग्रजी. तिथल्या प्रवेशासाठी मी ऑफिसला दांडी मारून सकाळभर रांगेत उभी राहिले होते. तेव्हा सगळेच धावत सुटले होते. गल्लीगल्लीत एसटीडीचे पिवळे बूथ निघत होते, कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि मी टेलिफोन खात्यात बसून बघत होते की ज्याला इंग्रजी येतं त्याचंच आता चालणार. तुम्ही म्हणाला होतात, "चार वर्षं आपल्या शाळेत काढू दे, मग घाल तिकडे." मी म्हटलं होतं, तुमच्या शाळेत पोरं कमी झाली म्हणून माझी कशाला ओढता. 

बोरन्हाणात तुम्ही काय केलंत? नवीन इरकली लुगडं नेसला होतात, तसंच सरळ जमिनीवर, त्या चुरमुऱ्यांत, फतकल मारून बसलात. अशूला समोर बसवलंत आणि म्हणालात, "तुला काय दिसलं?" मला वाटलं, झालं, चोरालाच साक्ष विचारा. अशू हुंदके देत म्हणाली, "दीप्ती मला हसली. माझ्याकडे बघून हसली." तुम्ही खालची तीन बोरं उचललीत. म्हणालात, हे बोर तू, हे दीप्ती, ठेव, जिथं होतात तिथं. तिनं ठेवलं. "आता बाळ ठेव." अशूनं तिसरं बोर हातात घेतलं, थोडा वेळ घुटमळली आणि ते आपल्या बोराच्या पाठीमागे ठेवलं. मग तुम्ही तिला उचलून दीप्तीच्या बोराशी बसवलंत. "इथून बघ. काय दिसतं?" अशू म्हणाली, "मी. आणि माझ्या मागे बाळ." ओठावर ओला रुमाल धरून बसलेली दीप्ती तेवढ्यात पुटपुटली, "बाळाच्या नाकाला चुरमुरा चिकटला होता."

अशूचं तेव्हाचं तोंड मी विसरलेली नाही. माझ्या दोन थोबाडीत खाऊन जे पाणी तिच्या डोळ्यांत आलं नव्हतं ते तेव्हा आलं. "म्हणजे ती मला हसलीच नव्हती?" असं म्हणाली आणि स्वतःहून जाऊन दीप्तीच्या शेजारी बसली. वन्सं, खरं सांगते, त्या क्षणी मला तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पण सगळ्या बायका बघत होत्या आणि मी ताठ उभी राहिले.

वर आल्यावर मी वाट बघत होते, आता तुम्ही म्हणणार, बघ, इंग्रजी शाळेत घातलंस त्याचं हे फळ. माझं उत्तरही तयार होतं. तुम्ही पाणी प्यायलात आणि म्हणालात, "भाषेवर ढकलू नकोस, शैला. माझ्या मराठी वर्गातही अशी दोन-चार असतातच. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते कळलं नाही की ती वाईटच धरून चालतात. हिला धक्क्याधक्क्यातला फरक कळत नाही. खेळातला कुठला, चुकून लागलेला कुठला, आणि मुद्दाम मारलेला कुठला. तो शिकवावा लागेल, पाढे शिकवतो तसा. ती दुष्ट नाही." हातात आयता विजय आला होता आणि तुम्ही तो घेतला नाहीत. मी असते तर घेतला असता, वर चार पाहुण्यांना सांगितलाही असता.

मग तुम्ही माझ्याबरोबर तिच्या शाळेत आलात. मी मनात म्हणत होते, ह्या नऊवारी वळणाच्या मास्तरीणबाई तिथं काय बोलणार. तुम्ही त्या मोठ्या बाईंशी असं सावकाश, स्वच्छ इंग्रजी बोललात की मीच सावरून बसले. त्या म्हणाल्या, मुलगी सुधारेल याची खात्री देता का. तुम्ही म्हणालात, खात्री देत नाही, वार्षिक परीक्षेपर्यंत मुदत मागते. त्यांनी दिली. बाहेर आल्यावर मी विचारलं, इतकं इंग्रजी येतं तर कधी बोलला कशा नाहीत. तुम्ही म्हणालात, घरात कुणाशी बोलू, तुझ्या नवऱ्याशी?

दुसऱ्या दिवसापासून अशू शाळेतून सरळ अंबरपेठेला, तुम्ही एकट्या राहायचात त्या दोन खोल्यांत यायला लागली. मी ऑफिस सुटल्यावर बसनं येऊन तिला घेऊन जायची. तुमच्याकडे बटणांचा एक पत्र्याचा डबा होता. शाळेत कुणाशी वाजलं की ती बटणं मांडायची. लाल बटण अशू, निळं स्वप्ना, मोठं काळं म्हणजे टीचर. कोण कुठं उभं होतं, कुणाला काय दिसत होतं. मग तुमचा प्रश्न, "तिनं असं का केलं असेल?" एक कारण सांगून भागायचं नाही, तीन लागायची. पहिलं कारण नेहमी ठरलेलं, "कारण मी तिला आवडत नाही." ते तुम्ही मुकाट्यानं ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "असेल. अजून?" रांगेत स्वप्नानं ढकललं त्याचं दुसरं कारण अशूनं दिलं, "तिला कुणी मागून ढकललं असेल." आणि तिसरं, फार विचार करून, "तिला सूसू लागली असेल." त्या दिवशी तुम्ही दोघी इतक्या हसलात की खालून तेलुगू बोलणाऱ्या घरमालकीणबाई "एमैंदम्मा?" म्हणून, काय झालं ते विचारायला वर आल्या.

एकदम फरक पडला असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही ते आवडायचं नाही. अशू हात उचलायची, मधेच थांबायची, तोंड वाकडं करून विचार करायची, आणि कधी कधी त्यानंतरही ठेवून द्यायची. एकदा कंपासपेटीनंच एकीला हाणलं. मी म्हटलं, बघा, तुमची बटणं. तुम्ही म्हणालात, "आज तिनं दोन कारणं शोधली आणि मग मारलं. मागच्या महिन्यात एकही शोधत नव्हती." असला हिशोब फक्त तुम्हीच मांडू जाणे.

आणि मारण्यावरून आपलं वाजायचंच. मी म्हणायची, लेकराला एक चापट दिली तर काय आभाळ कोसळतं, आम्ही मार खाऊनच मोठे झालो. तुम्ही विचारायचात, मार खाऊन तू काय शिकलीस? मी म्हणायची, शिस्त. तुम्ही म्हणायचात, "शिस्त नाही. मार कुठल्या बाजूनं येतोय ते बघायला शिकलीस. अजून बघतेस. कुणी नुसता केस सारखा करायला हात वर केला तरी तुला तो आपल्यावरच उगारलेला वाटतो." मला हे फार झोंबायचं. मी म्हणायची, तुमचं पुस्तकातलं ज्ञान तुमच्यापाशी. हा वाद संपला नाही. आजही मला वाटतं की एखादी चापट चालते. पण आता ते कुणाला सांगू?

मग तो दिवस. परीक्षा तोंडावर आली होती, ऑफिसात साहेबांनी चार माणसांत मला बोल लावला होता, बसला मरणाची गर्दी होती. मी तुमचा जिना चढून आले, दार उघडं होतं. आत अशू खुर्चीवर बसलेली. तिनं तुमची शाल पदरासारखी खांद्यावरून घेऊन कमरेला खोचली होती, एक हात उगारला होता, आणि हुबेहूब माझ्या आवाजात ओरडत होती, "थांब, तुला दाखवतेच आज!" आणि तुम्ही समोर जमिनीवर बसून हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता.

मी पुढचं काही बघितलं नाही, विचारलं नाही. आत शिरले, अशूला खुर्चीवरून ओढली आणि फटकन दिली. तुम्ही मधे आलात, म्हणालात, "शैला, ऐक तरी." आणि मी म्हणाले, "तुम्हाला स्वतःचं एक मूल असतं तर कळलं असतं. दुसऱ्याच्या पोरीला आईची टवाळी करायला शिकवताय."

तुमच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. अशूचं दप्तर उचललं आणि जिना उतरले. बसमध्ये अशू रडत रडत सांगत होती, "आत्या म्हणाली होती, आईच्या जागी बस आणि सांग, आईला राग का येत असेल." म्हणजे माझीही कारणं शोधायचं चाललं होतं तुमचं. तिची दोन शोधून झाली होती, मी आले तेव्हा. मी तिला म्हटलं, गप बस. माझं चुकलं हे मला मलकपेठेचा स्टॉप येईपर्यंत कळलं होतं, आणि तरी मी परत गेले नाही. आठ वर्षांच्या पोरीनं भर बोरन्हाणात सगळ्यांसमोर उठून दीप्तीच्या शेजारी जाऊन बसायचं धाडस केलं, ते तिच्या आईला जमलं नाही.

चार दिवसांनी तुमचा निरोप आला, शेजाऱ्यांच्या फोनवर. "अशूला आता फक्त शनिवारी पाठव. बाकीचे दिवस तुझ्या घरमालकीणबाईंकडे ठेव." एवढंच. मी तुमच्या भावाला म्हटलं, रुसल्या तुमच्या अक्का. तो म्हणाला, अक्का रुसत नाही. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय. अशूचा तिसरा शेरा आला नाही, ती त्याच शाळेत राहिली, दीप्ती तर आज तिची जिवाची मैत्रीण आहे, दोघी एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात जातात. तुम्ही सणावाराला आलात, माझ्या हातची पुरणपोळी खाऊन "कट चांगला झालाय" म्हणालात, माझं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस येऊन राहिलात. सगळं केलंत. पण पोरीला मात्र आठवड्यातून तो एक दिवस, त्याच्या वर नाही. सुट्टी असली तरी नाही. आणि मी दहा वर्षं सगळ्यांना सांगत राहिले की वन्सं फार चांगल्या, पण मनात ठेवतात. माफी मागायची टाळायला मला ते कारण पुरलं.

परवा आम्ही अंबरपेठेची खोली आवरायला गेलो होतो. तुमचा भाऊ खाली घरमालकीणबाईंशी बोलत होता. मी तुमची लुगडी घडी करत होते आणि बोलता बोलता अशूला म्हणाले, "त्यांनी शेवटपर्यंत मनात ठेवलं बघ. त्या दिवसानंतर तुला शनिवारशिवाय जवळ केलं नाही." अशू कपाटाशी उभी होती. म्हणाली, "नाही मम्मी. तसं नव्हतं ते."

मग तिनं सांगितलं. त्या भांडणानंतरच्या पहिल्या शनिवारी तुम्ही तिला म्हणालात, आज बटणं मी मांडते. एक दारात ठेवलंत, दोन आत. दारातलं बटण मम्मी. "तिला तिथून काय दिसलं असेल?" अशू म्हणाली, आपण दोघी हसताना. "मग ती मला तसं का बोलली असेल? तीन सांग." अशू म्हणाली, तिला राग आला. मग म्हणाली, ती बसमध्ये उभी राहून दमली असेल. तिसरं काही तिला सुचेना. तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिला वाटलं असेल, ही माझी पोरगी माझ्यापासून घेऊन चालली."

अशूनं तुम्हाला विचारलं, "पण ते खोटं होतं ना, आत्या?"

तुम्ही बटणं एकेक करून डब्यात टाकलीत म्हणे. मग म्हणालात, "खोटं नव्हतं गं. तुझ्या आईला टवाळी दिसली ती चूक होती. पण हे तिनं बरोबर ओळखलं. तू रोज यायचीस आणि मला वाटायला लागलं होतं, संध्याकाळी तिनं येऊच नये. म्हणून आता शनिवार. हे मम्मीला सांगू नकोस, तिला उगीच वाईट वाटेल."

आणि अशूनं सांगितलं नाही. दहा वर्षं. तुमचीच विद्यार्थिनी.

वन्सं, मी तिथंच तुमच्या लुगड्यांच्या ढिगात बसले. तुम्ही रागावून दूर झाला असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही स्वतःला माझ्या पोरीपासून लांब ठेवलंत, आणि तेही माझ्यासाठी, मी तुम्हाला तसं बोलले असताना. मी तुम्हाला जे नाही म्हणून टोचलं तेच तुम्हाला हवं होतं, आणि ते समोर बसलेलं असताना तुम्ही आठवड्यातले सहा दिवस परत केलेत. माझं चुकलं. ते वाक्य चुकलं, ती चापट चुकली, आणि त्याहून जास्त, दहा वर्षं तुमच्या दारात येऊन हे न म्हणणं चुकलं. तुम्ही एकदा, फक्त एकदा, मला म्हणायचं होतंत, शैला, मला ही पोर रोज हवी आहे. मी भांडले असते, तुम्हाला ठाऊकच आहे, खूप भांडले असते. आणि मग पाठवली असती हो, रोज पाठवली असती.